खारे पाणी, नागपुरी ऊन

समुद्राच्या एक किलो पाण्यात सरासरी ३५ ग्रॅम क्षार विरघळलेले असतात. त्यांत साधारण १९.४ ग्रॅम क्लोराइड, १०.८ ग्रॅम सोडियम, २.७ ग्रॅम सल्फेट, १.३ ग्रॅम मॅग्नेशियम आणि कॅल्शियम व पोटॅशियम प्रत्येकी ०.४ ग्रॅम. उरलेल्या चिमूटभरात बायकार्बोनेट, ब्रोमाइड, बोरॉन, स्ट्रॉन्शियम आणि इतर कितीतरी मूलद्रव्ये. पाऊस, नद्या आणि बाष्पीभवन यांमुळे क्षारांचे एकूण प्रमाण कुठे कमी तर कुठे जास्त असते. पण खुल्या समुद्रात या घटकांचे एकमेकांशी असलेले प्रमाण जवळजवळ ढळत नाही. अलेक्झांडर मार्सेट यांनी १८१९ मध्ये हा विचार मांडला. पुढे ‘चॅलेंजर’ या ब्रिटिश जहाजाने १८७२ ते १८७६ या काळात जगभर फिरून गोळा केलेल्या पाण्याचे ७७ नमुने विल्यम डिटमार यांनी तपासले आणि १८८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनी त्यावर शिक्कामोर्तब झाले. घरातल्या काचेच्या टाकीत प्रवाळ जगवण्याचा छंद उभा आहे तो याच गोष्टीवर. प्रमाण सगळीकडे सारखे, म्हणून एकच कृती सगळीकडे चालते आणि समुद्राचे क्षार पिशवीत भरून विकता येतात.

पिशवी जगात कुठेही फोडली तरी सारखीच. ज्या पाण्यात ती रिकामी करायची ते पाणी आणि ज्या हवेत ते पाणी ठेवायचे ती हवा मात्र गावागणिक वेगळी. पिशवीवरच्या सूचना बहुधा थंड देशातल्या तळघराचा विचार करून लिहिलेल्या असतात. नळाचे पाणी गार असणार, ते तापवावे लागणार, हे त्यांत गृहीत धरलेले असते. नागपुरात २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले आणि डिसेंबर २०१८ मध्ये पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला. अशा गावात सूचना वाचताना महिना कोणता चालू आहे, हे आधी पाहावे लागते.

लकडगंज ही शहराच्या पूर्व भागातली लाकडाची बाजारपेठ. आरामशिनी, सागवानाच्या वखारी, प्लायवूडची दुकाने आणि त्यांना लागूनच राहती घरे. महापालिकेच्या दहा झोनपैकी एकाला याच वस्तीचे नाव आहे. इथून कुठल्याही दिशेला निघाले तरी समुद्र पाचशे किलोमीटरांहून दूर. तेव्हा ‘खरेच समुद्राचे पाणी का आणू नये’ या प्रश्नाचे उत्तर नकाशाच देऊन टाकतो. २०० लिटर खाऱ्या पाण्याचे वजन २०५ किलोच्या आसपास भरते, आणि असा खटाटोप एकदा करून भागत नाही. शिवाय किनाऱ्यालगतचे पाणी म्हणजे खुला समुद्र नव्हे. मुंबईजवळ त्यात सांडपाणी मिसळलेले असते. पूर्वेकडे बंगालच्या उपसागराच्या उत्तर भागात पावसाळ्यानंतर मोठ्या नद्यांच्या पाण्याने क्षारता (किलोमागे ग्रॅम क्षार) ३० च्याही खाली जाते, तर खुल्या अरबी समुद्रात ती ३५-३६ असते. शिकागो हे असेच समुद्रापासून दूर वसलेले शहर. तिथले शेड मत्स्यालय १९३० मध्ये उघडले तेव्हा फ्लोरिडातल्या की वेस्टहून रेल्वेच्या टाक्यांतून सुमारे दहा लाख गॅलन समुद्राचे पाणी आणले गेले. पुढे त्यांनीही तयार क्षारांचा रस्ता धरला. मुंबईच्या तारापोरवाला मत्स्यालयासमोर १९५१ मध्ये ही अडचण नव्हती. समुद्र दारातच होता.

कृत्रिम समुद्रपाण्याची कल्पना मत्स्यालयांच्या छंदाइतकीच जुनी आहे. इंग्रज निसर्गअभ्यासक फिलिप हेन्री गॉस यांनी १८५०च्या दशकाच्या मध्यावर साधे मीठ, एप्सम सॉल्ट, मॅग्नेशियम क्लोराइड आणि पोटॅशियम क्लोराइड या चार क्षारांचे पाणी करून दाखवले. त्या कृतीत कॅल्शियमचा क्षार नव्हता. समुद्रफुले आणि शेवाळ यांचे तेवढ्यावर भागे. प्रवाळांचे भागत नाही. दगडी प्रवाळ आपला सांगाडा अ‍ॅरागोनाइटचा, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटच्या एका स्फटिकरूपाचा, बांधतो. त्यासाठी त्याला पाण्यात कॅल्शियमही हवे आणि कार्बोनेटही. म्हणून प्रवाळांच्या टाकीत एकूण क्षारतेबरोबर तीन आकडे सतत पाहिले जातात. कॅल्शियम लिटरला ४०० ते ४५० मिलिग्रॅम, मॅग्नेशियम १२५० ते १३५० मिलिग्रॅम आणि अल्कता ७ ते ११ डीकेएच. डीकेएच हे पाण्यातल्या बायकार्बोनेट-कार्बोनेटचा साठा मोजण्याचे एकक. नैसर्गिक समुद्रात तो साडेसहा-सातच्या आसपास असतो.

प्रवाळ आणायचे कुठून, याला कायद्याने सीमा घातली आहे. रीफ बांधणारे दगडी प्रवाळ, काळे प्रवाळ, फायर कोरल आणि समुद्रपंखे यांना २००१ पासून वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे. महाराष्ट्रात प्रवाळ मालवणला आहेत, तिथले सागरी अभयारण्य १९८७ पासूनचे. विजयदुर्गाच्या पश्चिमेला सुमारे शंभर किलोमीटरवर, कान्होजी आंग्र्यांचे नाव मिरवणाऱ्या आंग्रिया बँकेवरही प्रवाळ आहेत. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरून प्रवाळाचा तुकडा उचलून आणणे हा गुन्हा ठरतो, मग तो तुकडा मेलेला असला तरी. परदेशी जातींसाठी २०२२ च्या दुरुस्तीनंतर नोंदणीचे नियम आले आहेत. टाकीत रचायला चिनीमातीचे किंवा कारखान्यात तयार केलेले सच्छिद्र दगड मिळतात. कायद्याच्या दृष्टीने तेच बिनघोर.

आता मिठाकडे. ‘समुद्र खारट आहे, मग डब्यातले मीठ का नको?’ हा प्रश्न नवशिक्याला हमखास पडतो आणि तो मुळीच बावळट नाही. डब्यातले मीठ म्हणजे जवळजवळ शुद्ध सोडियम क्लोराइड. त्यात वर आयोडेट आणि गुठळ्या होऊ नयेत म्हणून घातलेली रसायने. समुद्रक्षारांत सोडियम आणि क्लोराइड मिळून सुमारे ८५ टक्के असतात. प्रवाळाचा जीव उरलेल्या १५ टक्क्यांत अडकलेला असतो. मग मिठागराचे जाडे मीठ? ते तर थेट समुद्रातून आलेले. इथे मिठागराचे काम कसे चालते ते पाहावे लागते. पालघर, ठाणे, रायगडच्या आगरांत भरतीचे पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात फिरवत आटवतात. पाणी निम्म्यावर येते तेव्हा कॅल्शियम कार्बोनेट खाली बसू लागते. चौथाईच्या आसपास आले की जिप्सम बसते. मूळ पाण्याचा दहावा भाग उरतो तेव्हा मिठाचे खडे धरू लागतात. खडे ओढून घेतल्यावर मागे राहते ते कडू पाणी, ज्यात बहुतेक मॅग्नेशियम आणि पोटॅशियम असते, ते सोडून देतात. चांगल्या आगरी मिठाचे कौशल्य नेमके या वगळण्यात आहे. म्हणून ते मीठ पाण्यात विरघळवून समुद्र परत मिळत नाही. सैंधवाचेही तसेच, त्याच्यावर तर कोट्यवधी वर्षांपूर्वीच अशी छाननी झालेली.

रीफ टाकीसाठी विकल्या जाणाऱ्या मिश्रणात सगळे घटक मोजून घातलेले असतात. इन्स्टंट ओशन, रेड सी, ट्रॉपिक मरीन ही त्यांतली जुनी नावे. यांतले काही क्षार आपल्या स्फटिकात पाणी धरून असतात, म्हणून ३५ ग्रॅम क्षारांसाठी लिटरला ३५ ग्रॅम मिश्रण पुरत नाही. ३६ ते ३९ ग्रॅम लागते. मॅग्नेशियम आणि कॅल्शियमचे क्लोराइड हवेतला ओलावा ओढतात. नागपुरात मे महिन्यात उघडी पिशवी आठवडाभर राहिली तरी भुरभुरीत राहते, तीच जुलैमध्ये दोन दिवसांत दगड होते. ओल धरलेल्या मिश्रणात दोन बिघाड होतात. वजनात पाणी मोजले जाते, म्हणून क्षार कमी पडतात. आणि गुठळीच्या आत कॅल्शियम व कार्बोनेट एकत्र येऊन न विरघळणारा चुना आधीच तयार झालेला असतो. पहिला बिघाड जास्त मीठ घालून सुधारतो, दुसरा सुधारत नाही. पिशवी आणली की ती रबरी कडेच्या घट्ट झाकणाच्या डब्यात ओतावी आणि वापरण्यापूर्वी डबा आडवा करून लोळवावा. लांबच्या ट्रक-प्रवासात बारीक कण खाली आणि जाडे वर राहण्याची शक्यता असते. लहान टाकीवाला एका वेळी दोन किलोच काढतो, तेव्हा हा फरक त्याच्या पाण्यात उतरू शकतो.

पाण्याचा विषय याहून मोठा आहे. नागपूरला पेंच आणि कन्हान या नद्यांचे पाणी मिळते. ते गोरेवाडा आणि कन्हान इथे शुद्ध होऊन, क्लोरीन घालून घरोघर येते. माणसाला ते पिण्याजोगे असते. प्रवाळांच्या टाकीसाठी त्यात दोन प्रकारच्या गोष्टी नकोशा असतात. क्लोरीन जिवांना थेट मारते. विरघळलेले नायट्रेट, फॉस्फेट आणि सिलिका जिवांना मारत नाहीत, पण शेवाळाला खाऊ घालतात. बोअरवेलचे पाणी त्याहून अवघड: पूर्व नागपूर जुन्या नाइस खडकावर वसले आहे, पश्चिमेला दख्खनचा काळा पाषाण सुरू होतो, आणि दोन्हीकडच्या भूजलात कॅल्शियम-मॅग्नेशियमचा कठीणपणा असतो, दाट वस्तीत त्यात सांडपाण्यातून आलेल्या नायट्रेटची भर पडते. मिश्रण बनवणाऱ्याने कॅल्शियमचा हिशेब शून्यापासून मांडलेला असतो. पाण्यात आधीच कॅल्शियम असेल तर तो हिशेब पहिल्या पायरीवरच चुकतो.

म्हणून पाणी आधी कोरे करून घेतात. गाळण, कोळशाचा थर, आरओचा पडदा आणि शेवटी उरलेले आयन धरणारे डीआय रेझिन, असा क्रम. कोळसा क्लोरीन धरतो. तो नसेल तर क्लोरीन पडद्यालाच खाते. पडदा ९५ ते ९८ टक्के क्षार अडवतो. समजा नळाच्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या घटकांचा मीटरवरचा आकडा, ३०० आहे, तर पडद्यापलीकडे ६ ते १५ उरतो. उरलेले रेझिन ओढून घेते आणि मीटर शून्यावर येतो. पिण्यासाठी बसवलेले आरओ यंत्र इथे जसेच्या तसे चालत नाही. त्यात चव राहावी म्हणून काही पाणी पडदा चुकवून परत मिसळलेले असते किंवा शेवटी खनिजांची नळी लावलेली असते. बाटलीबंद पाण्यातही बहुधा खनिजे मिसळलेली असतात. नागपुरात इन्व्हर्टरच्या बॅटरीसाठी विकले जाणारे ‘बॅटरीचे पाणी’ खूप जण विचारात घेतात. शुद्ध असेल तर ते चालते. पण ते बॅटरीसाठी बनवलेले असते आणि कॅन कुठून कुठे फिरून आला आहे याची खात्री नसते. प्रत्येक कॅनमध्ये मीटर बुडवण्यापेक्षा स्वतःचे रेझिन बसवणे शहाणपणाचे.

उन्हाळा या यंत्रातही शिरतो. पाणी गरम असेल तर पडद्यातून ते भराभर सुटते. यंत्र चांगले चालले आहे असे वाटते. पण त्याच वेळी क्षारही जास्त निसटतात आणि रेझिन लवकर संपते. गच्चीवरच्या काळ्या टाकीतले दुपारचे पाणी मे महिन्यात हात पोळवणारे असते, आणि घरगुती पडद्यांची मर्यादा साधारण ४५ अंशांची. आरओचे पाणी मे महिन्यात पहाटे भरावे, तेही जमल्यास थेट नळावरून. रेझिन संपत आल्याची पहिली खूण मीटरवर दिसत नाही, हेही लक्षात ठेवण्याजोगे. सिलिका वीज जवळजवळ वाहत नाही, म्हणून मीटर शून्य दाखवत असतानाच ती निसटू लागते आणि टाकीच्या काचेवर तपकिरी थर धरतो. तो थर दिसला की मीटरवर विश्वास न ठेवता रेझिन बदलतात.

एक लिटर कोऱ्या पाण्यामागे घरगुती आरओ दोन-तीन लिटर पाणी मोरीत सोडते. शंभर लिटर खारे पाणी करणाऱ्या घराने हे पाणी फरशी पुसायला, भांडी विसळायला वळवावे, यात दुमत नसावे. ते कूलरमध्ये मात्र ओतू नये. त्यात क्षार एकवटलेले असतात आणि वाळ्याच्या ताट्या महिन्याभरात पांढऱ्या पडतात.

आता मिसळण्याचे काम. प्रत्यक्षात ते अर्ध्या तासाचे आहे. बाकी सगळा वेळ पाण्याचे तापमान जागेवर आणण्यात जातो. बहुतेक क्षार गरम पाण्यात जास्त विरघळतात. कॅल्शियम कार्बोनेट उलट्या स्वभावाचे आहे, पाणी तापले की ते कमी विरघळते. शिवाय गरम पाण्यातून कार्बन डायऑक्साइड उडून जातो, त्याने पाण्याचा पीएच वाढतो आणि चुना बसायला आणखी निमित्त मिळते. म्हणून ३८ अंशांच्या पाण्यात मिश्रण ओतले की थोड्याच वेळात पाणी पांढुरके गढूळ होते आणि सकाळी तळाला पिठासारखा थर मिळतो. तो थर म्हणजे पिशवीत पैसे देऊन आणलेले कॅल्शियम आणि अल्कता. कितीही ढवळले तरी ते परत विरघळत नाही.

या नुकसानीचा हिशेब मजेशीर आहे. १ डीकेएच अल्कता बसली की तिच्याबरोबर लिटरला जेमतेम ७ मिलिग्रॅम कॅल्शियम जाते. म्हणजे अल्कता ८ वरून ६ वर आली, पाव हिस्सा गेला, तरी कॅल्शियम ४२० वरून ४०६ एवढेच उतरते. फक्त कॅल्शियम तपासणाऱ्याला सगळे ठीकच दिसते. मिसळलेले पाणी नीट झाले की नाही हे पाहायचे तर आधी अल्कता मोजावी.

लकडगंजासारख्या ठिकाणी एप्रिल ते जूनचा क्रम असा ठरतो. कोरे पाणी आदल्या रात्री आतल्या खोलीत, शक्य असेल तर एसीच्या खोलीत, झाकून ठेवावे. आरओच्याच पाण्याच्या बाटल्या फ्रीझरमध्ये गोठवून, झाकण घट्ट बसवून त्यात तरंगवाव्यात. पाणी माठात गार करू नये. माठाची माती आपले क्षार त्यात सोडते. तापमान २४-२५ अंशांवर आले की पंप सुरू करावा आणि मगच मीठ. ५० लिटर हवे असेल तर ४८ लिटर पाणी घेऊन त्यात सुमारे १.९ किलो मिश्रण दहा-पंधरा मिनिटांत थोडे थोडे सोडावे, पंपाच्या धारेत. पिंपात आधी मीठ टाकून वर पाणी ओतू नये. तळाशी ओल्या मिठाचा जो दाट थर तयार होतो त्यात कॅल्शियम आणि कार्बोनेट खेटून असतात आणि तिथेच चुना धरतो. डिसेंबर-जानेवारीत पाणी गार असते, तेव्हा छापील सूचना जवळजवळ तशाच लागू पडतात. फक्त हीटर मीठ पूर्ण विरघळल्यावर लावावा, कारण पिंपातली सगळ्यात गरम जागा हीटरची काच असते आणि पहिला थर तिच्यावरच बसतो.

पंपाबद्दल नागपुरी मोह एकच आहे, कूलरच्या पंपाचा. तो स्वस्त असतो, कुठल्याही विजेच्या दुकानात मिळतो आणि हिवाळ्यात रिकामाच पडलेला असतो. पण तो गोड्या पाण्यासाठी बनवलेला असतो. त्यातला धातूचा दांडा आणि स्क्रू खाऱ्या पाण्यात गंजतात; पितळ-तांब्याचा भाग असेल तर ते तांबे पाण्यात उतरते, आणि कोळंबी, गोगलगाय, प्रवाळ यांना तांब्याचा अल्प अंशही सोसत नाही. चिनीमातीच्या दांड्याचा, पूर्ण प्लास्टिकच्या आवरणाचा मत्स्यालयाचा पंपच इथे वापरावा.

बहुतेक मिश्रणे तास-दोन तासांत स्वच्छ होतात. पूर्वी चोवीस तास हवा सोडण्याचा दंडक होता. पाण्यातल्या वायूंचा हवेशी मेळ बसून पीएच स्थिर व्हायला थोडा वेळ द्यावा, पण दिवसभराचा हट्ट आता धरला जात नाही. उलट अल्कता जास्त ठेवलेली काही मिश्रणे लवकर वापरावीत असे खुद्द उत्पादकच सांगतात, आणि ज्या घरात पिंप रात्रभर ३५ अंशांवर राहणार तिथे ते अक्षरशः पाळावे.

मोजताना पुन्हा तापमान आडवे येते. ३५ क्षारतेच्या पाण्याचे विशिष्ट गुरुत्व २५ अंशांना १.०२६ असते. त्या तापमानासाठी आखलेला काचेचा हायड्रोमीटर ३५ अंशांच्या पाण्यात सोडला तर पाणी प्रसरण पावलेले असल्यामुळे तो क्षारता चारेक एककांनी कमी दाखवतो. मग माणूस मीठ वाढवतो, आणि पाणी थंड झाल्यावर ते ३९ निघते. प्रकाशाच्या वक्रीभवनावरून क्षारता मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरवर तापमान-भरपाई लिहिलेली असते. ती बहुधा १० ते ३० अंशांपुरती असते. उन्हाळी दुपारी बंद खोलीतले उपकरण त्या पट्ट्याच्या बाहेर गेलेले असते. उपकरण आणि नमुना दोन्ही गार खोलीत अर्धा तास ठेवून मग पाहावे. रिफ्रॅक्टोमीटर साध्या कोऱ्या पाण्यावर शून्याला लावणे पुरेसे नाही. मापन ३५ ला करायचे, तर जुळणीही ३५ च्या आसपासच करायला हवी. त्यासाठी ३६.५ ग्रॅम शुद्ध सोडियम क्लोराइड ९६३.५ ग्रॅम कोऱ्या पाण्यात विरघळवतात. या द्रावणाचा प्रकाशवक्रीभवनाचा आकडा ३५ क्षारतेच्या समुद्रपाण्याएवढाच येतो. विद्युतवाहकता मोजणारा मीटर ३५ क्षारतेच्या समुद्रपाण्यात २५ अंशांना सेंटिमीटरला सुमारे ५३ मिलिसीमेन्स दाखवतो. वाचन ३६ आले तर ५० लिटरमागे दीड लिटरच्या आसपास कोरे पाणी घालावे, ३३ आले तर शंभर ग्रॅमहून थोडे जास्त मिश्रण.

साठवणीसाठी दोन पिंपे ठेवण्याची पद्धत चांगली: एक कोऱ्या पाण्याचे, एक खाऱ्याचे. खाऱ्या पाण्याचा टाकीच्या पाचव्या हिश्श्याएवढा साठा तयार असला तर टाकीत काही विषारी पडले किंवा एखादा मोठा मासा मेला, तरी त्याच तासाला पाणी बदलता येते. पिंप अन्नासाठी चालणाऱ्या प्लास्टिकचे, अपारदर्शक आणि नवे असावे. बाजारात निळे जुने ड्रम कमी किमतीत मिळतात. त्यांतून आधी काय आले होते हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसते. २०० लिटरचे भरलेले पिंप दोनशे किलोंच्या वर जाते, तेव्हा जुन्या माळवदाच्या किंवा लाकडी मजल्याच्या घरात ते तळमजल्यावर, भिंतीच्या कडेला ठेवतात. गच्ची तर सोडूनच द्यावी.

लकडगंजाची स्वतःची अशी अडचण म्हणजे लाकडाचा भुसा. आरामशिनीच्या आसपास तो हवेत असतोच, आणि उघड्या पाण्यावर सकाळी त्याची साय धरते. नुसता भुसा गाळून निघेल. प्रश्न आहे तो वाळवी-भुंगा लागू नये म्हणून लाकडाला दिलेल्या औषधांचा. त्यांत तांब्याची संयुगे असू शकतात आणि कीटकनाशकेही; कीटकांना मारणारे द्रव्य त्यांच्याच दूरच्या नातलगांना, कोळंबी-खेकड्यांना, सोडत नाही. पिंपाला घट्ट झाकण हवे आणि हवेचा पंप वापरायचा असेल तर त्याची हवा ओढणारी बाजू आतल्या खोलीत हवी. हाच नियम डासांच्या अगरबत्तीला, भिंतीवर लावायच्या मच्छरनाशक यंत्राला आणि पावसाळ्यात गल्लीतून फिरणाऱ्या धूरफवारणीच्या गाडीला लागू. धूर येतो तेवढा वेळ खिडक्या बंद आणि हवेचा पंप बंद. पाणी फिरवणारा पंप चालू राहू द्यावा.

झाकलेले, अंधारात आणि गार ठेवलेले खारे पाणी काही आठवडे उत्तम राहते, कारण त्यात कुजण्याजोगे काही नसते. दिवसातून थोडा वेळ ते फिरवले की पुरे. वापरण्याआधी क्षारता आणि अल्कता पुन्हा पाहावी. झाकणाच्या फटीतून पाणी उडते, क्षार उडत नाहीत. पिंपाच्या भिंतीवर पांढरा थर धरला तर लिंबूसताच्या पाण्याने तो सुटतो. साबण लावू नये.

पाणी उडते, क्षार मागे राहतात, हेच टाकीतही रोज घडते आणि विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यात झपाट्याने घडते. समजा २०० लिटरच्या टाकीतून दिवसाला ६ लिटर पाणी उडाले, तर क्षारता एका दिवसात ३५ वरून ३६ वर जाते. तीन दिवस तशीच राहिली तर साडेअडतीसवर. भर घालायची ती कोऱ्या पाण्याचीच. खारे पाणी घालून पातळी राखणारा माणूस टाकी हळूहळू मिठागर करून ठेवतो. म्हणून दोन पिंपांपैकी कोऱ्या पाण्याचे पिंप उन्हाळ्यात जास्त वेळा भरावे लागते, आणि बाहेरगावी जाणाऱ्याला तरंगत्या कळीवर चालणारी आपोआप भर घालणारी जोडणी घ्यावीच लागते.

या बाष्पीभवनाचा उपयोगही आहे. एक लिटर पाणी उडताना सुमारे ०.६७ युनिट विजेएवढी उष्णता घेऊन जाते. ६ लिटर म्हणजे चार युनिट. टाकीवर लावलेला साधा पंखा याच बळावर पाणी दोन-तीन अंशांनी उतरवतो. प्रवाळांना २४ ते २७ अंश मानवतात, ३० च्या पुढे ते आपल्या पेशींतले सूक्ष्म शैवाल टाकून पांढरे पडू लागतात. पण टाकीच्याच खोलीत डेझर्ट कूलर चालू असेल तर गणित बदलते. खोलीची हवा दमट होते, टाकीतले पाणी कमी उडते, क्षारता स्थिर राहते आणि पंखा मात्र निकामी होतो. कूलरची खोली आणि टाकीची खोली वेगळी ठेवणे परवडत असेल तर ते करावे. नाहीतर मे महिन्यापुरता चिलर किंवा एसी, आणि वीज गेल्यास किमान पंप चालेल एवढा इन्व्हर्टर.

पाणी बदलण्याचा सर्वसाधारण रिवाज आठवड्याला किंवा पंधरवड्याला १० टक्क्यांचा. त्याने घाण एकदम जात नाही. नायट्रेट ४० असेल तर ३६ होते. लागोपाठ दहा बदलांनंतरही मूळ पाण्याचा तिसरा हिस्सा टाकीत शिल्लक असतो. सातत्य महत्त्वाचे ते म्हणून. नवे पाणी टाकीच्या क्षारतेशी आणि तापमानाशी जुळवून, एखाद्या अंशाच्या फरकात, सावकाश सोडावे. वायरी सॉकेटच्या पातळीखाली झोका देऊन मग वर सॉकेटकडे न्याव्यात, म्हणजे ओघळणारे खारे पाणी झोक्याच्या तळाशी गळून जाते.

काढलेले पाणी मोरीत जाते, भरपूर साध्या पाण्याबरोबर. तुळशीला, गच्चीवरच्या कुंड्यांना किंवा अंगणातल्या संत्र्याच्या झाडाला ते घातले तर झाड जळते. गच्चीवर किंवा भिंतीलगत ते सांडत राहिले तर क्लोराइड सिमेंटमध्ये शिरून आतल्या लोखंडी सळया गंजवते आणि विटांच्या भिंतीला लोणा लागतो. लोणा लागलेली भिंत रंगवून झाकली जात नाही. गिलावा खरवडून पुन्हा करावा लागतो. त्यामुळे नळी बाथरूमपर्यंत पोहोचेल एवढी लांब घ्यावी, आणि टाकी मांडण्याची जागाही त्या नळीच्या लांबीवरूनच ठरवावी.